मागाहून येणाऱ्याची भाकर

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ११, वचने १७ ते ३४

ज्या शास्त्रभागाकडे आज आम्ही तुमचे लक्ष वेधीत आहो, तो प्रभुभोजनाच्या वेळी बहुतेक प्रत्येक मंडळीत वाचला जातो. परंतु तो वाचला जातो मधूनच. प्रभूने शेवटल्या रात्री भाकर घेतली तेथून आपण आरंभ करितो, आणि पेल्याची गोष्ट झाली म्हणजे थांबतो. त्याच्या मागचे व पुढचे बहुधा राहून जाते. वस्तुतः पौलाने हा मजकूर लिहिला तो त्या मागच्या-पुढच्यासाठीच होय. करिंथच्या मंडळीत ह्या ठिकाणी जे तट पडले होते, ते कोणत्या मतावरून नव्हे, तर ताटावरून पडले होते. काही लोक लवकर येऊन जेवून घेत, आणि काही लोक मागाहून येऊन उपाशी राहत. एवढीच गोष्ट. पण एवढ्या गोष्टीवरून प्रेषित असे म्हणावयास मागेपुढे पाहत नाही की, तुम्ही जे जेवता ते प्रभूचे भोजनच नव्हे.

मागाहून येणारे हे कोण, ह्याचा विचार केला पाहिजे. रोमी लोकांनी इ. स. पूर्वी १४६ साली करिंथ नगर धुळीस मिळविले होते, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, इ. स. पूर्वी ४४ साली, ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसविले. दोन समुद्रांमधले बंदर, व्यापाराची पेठ, आणि जागोजागी राबणारे दास व मोकळीक मिळालेले दास, असे ते गाव होते. दासाचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. आठवड्याचा पहिला दिवस तेव्हा सुटीचा नव्हता. तो विसाव्याचा दिवस ठरला तो कॉन्स्टंटाइन बादशहाच्या हुकुमाने, इ. स. ३२१ साली. तोपर्यंत सुमारे तीनशे वर्षे प्रभूचे लोक पहाटे उजाडण्यापूर्वी अथवा दिवेलागणीनंतर जमत असत, कारण मधला वेळ धन्याचा होता. मंडळी भरे ती एखाद्या खाऊनपिऊन सुखी भावाच्या घरी. ज्यांचा वेळ त्यांच्या हाती होता ते आधी येत, माजघरात बसत, आणि वाढून घेत. ज्यांचा वेळ दुसऱ्याच्या हाती होता ते काम उरकून येत, तेव्हा ओसरीवर जागा आणि रिकामी भांडी त्यांच्या वाट्यास येत. त्यांस कोणी हाकून दिले नव्हते. दार कोणी लावले नव्हते. केवळ त्यांची वाट पाहिली नव्हती.

आता करिंथाहून कयाधूकाठी येऊ. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. आणि वसमतची हळद सर्व देशास ठाऊक आहे. पण हळद बाजारात पिवळी धमक दिसते, ती तशी होईपर्यंत तिच्यामागे किती हात लागतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कारण ते हात पुष्कळदा आमच्या वाचकांचेच आहेत. माघ-फाल्गुनात काढणी लागली म्हणजे कंद खणणे, मोडणे, वेचणे, मग शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे, असे काम एकामागून एक येते. बायांची टोळी पहाटेच टेम्पोत चढते आणि दिवस मावळल्यावर उतरते. तिला सोमवार आणि आदितवार सारखाच. आणि आपल्या उपासनेची घंटा वाजते सकाळी दहा वाजता.

ही दहाची वेळ कोणत्या शास्त्रात आहे? आम्ही शोधून पाहिले, परंतु उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत ती कोठे आढळली नाही. ज्यांस आदितवारी सुटी असते अशा शिक्षकास, कारकुनास, पेन्शनरास ती वेळ सोयीची आहे, आणि ती सोय वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ती सुटीदेखील आपल्या देशातल्या कामकऱ्यांस आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची संस्था उभारून वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा १८९० साली गिरण्यांस आदितवारची सुटी झाली. ती सुटी रोजंदारीच्या शेतमजुरापर्यंत अजून पोहोचलेली नाही. तो घरी बसला तर त्याची चूलही त्या दिवशी घरी बसते. अशी बाई उपासनेला आली नाही म्हणजे आपण हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे काय लिहितो? अनियमित. मग वर्षाच्या शेवटी वही वाचून एखादा पंच म्हणतो की, ह्या घरात आत्मिक थंडपणा आला आहे. बंधूंनो, थंडपणा कोणाच्या ठिकाणी आहे हे पौल आला असता तर त्यानेच सांगितले असते.

त्रोवस येथे पौल गेला तेव्हा मंडळी आठवड्याच्या पहिल्या दिवशी रात्री जमली होती, आणि माडीवर पुष्कळ दिवे लाविलेले होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. भाषण लांबत गेले, त्यास झोप लागली, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ह्या कथेवर त्या मुलाच्या निष्काळजीपणाविषयी बोध करणारे उपदेशक आम्ही ऐकले आहेत. आम्हास तर असे वाटते की, दिवसभर राबून आलेला मुलगा तो. तरी तो आला होता. आणि पौलासारखा वक्ता असूनही जेथे ऐकणारा झोपी गेला, तेथे आपण सामान्य धर्मशिक्षकांनी रात्रीच्या उपासनेत दीड तास बोलावे हे कसे? पौलाने निदान खाली उतरून त्यास कवटाळले. आपण पेंगणाऱ्याचे नाव घेऊन त्यास जागे करितो.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट ह्याहून कठीण आहे. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली माणसे कोयता व बिऱ्हाड घेऊन निघतात; कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, म्हणून एकास मागे राहता येत नाही. परत यावयास पाडवा उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. म्हणजे नाताळचा सण त्यांच्यावाचून होतो, नव्या वर्षाची उपासना त्यांच्यावाचून होते, आणि सण लवकर आला तर उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाचा दिवसही त्यांच्यावाचून जातो. गावी राहतात म्हातारी आईबापे आणि शाळेतली पोरे. अशा घरी नाताळच्या दिवशी गोडधोड पोहोचले की नाही हे पाहणे हे कोणाचे काम? ज्या कारखान्याच्या फडात ते गेले तेथल्या जवळच्या मंडळीच्या पाळकास एक चिठ्ठी किंवा फोन करणे हे कोणाचे काम? आमच्या मते हे पंचांचे काम आहे, आणि पंच आळस करितील तर धर्मशिक्षकाचे. कुटुंबे जावयाच्या आधीच्या आदितवारी त्यांस पुढे उभे करून त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. ती परत आल्यावर मुद्दाम प्रभुभोजन ठेवावे, आणि ज्यांनी सहा महिने ते घेतले नाही त्यांस पहिल्या ओळीत बसवावे.

ओळीचे नाव निघाले, तर एक गोष्ट लिहिणे जड जात असूनही लिहिली पाहिजे. आपल्या पूर्वजांस गावाने वेशीबाहेर ठेविले, विहिरीवर चढू दिले नाही, आणि पंक्तीच्या शेवटीही बसविले नाही. त्या दुःखातून ते ख्रिस्ताकडे आले. परंतु येताना पुष्कळांनी एक गाठोडे काखेत तसेच आणिले. आपल्या खालचा म्हणून ज्यास पूर्वी मानीत, त्याच्या हातचे पाणी मंडळीत येऊनही काहींच्या घशाखाली उतरेना. जुन्या मिशनांच्या इतिहासात हा पेच पुनःपुन्हा आला आहे. आज पेल्याविषयी कोणी उघड बोलत नसेल. पण लग्नाच्या पंगतीत व सोयरिकीच्या बोलण्यात ते गाठोडे अद्यापि सुटलेले नाही. अंत्युखियात पेत्रदेखील लोकलज्जेने विदेशी भावांच्या ताटावरून उठला होता, आणि पौलाने सर्वांसमक्ष त्यास दोष दिला. प्रेषिताची ही गत, तर आपण सावध असलेच पाहिजे.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती लोकांस नारायण शेषाद्री ह्यांचे नाव ठाऊक असावे. ते ब्राह्मण कुळातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांपाशी राहिला होता. पण तो अज्ञान म्हणून न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. पुढे प्रश्न असा निघाला की, मिशनऱ्यांकडे अन्नपाणी घेतलेल्या मुलास जातीत परत घ्यावे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घेण्याचा पक्ष धरिला, त्यावरून मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्र्यांस फार सोसावे लागले. पाहा, एका पोराच्या घासावरून केवढे शहर हालले! त्याच घरचे थोरले चिरंजीव नारायणराव पुढे दीक्षित पाळक होऊन निजामाच्या राज्यात जालन्यास आले, आणि त्यांच्या हातून ख्रिस्ताकडे आलेले लोक बहुतेक मांग-महार समाजाचे होते. सालारजंग दिवाणांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ त्यांनी ह्या लोकांकरिता बेथेल नावाचे गाव वसविले. १८७३ साली न्यूयॉर्क येथे भरलेल्या ख्रिस्ती परिषदेसही ते गेले होते. पण अमेरिकेच्या व्यासपीठापेक्षा बेथेलची पंगत आम्हास मोठी वाटते. ज्या अन्नावरून त्यांच्या भावाची जात गेली म्हणून गाव पेटले, त्याहून कितीतरी दूरच्या ताटापाशी ते जन्मभर बसले.

आमच्या जवळच्या काळातलाही एक दाखला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे खेड्यांच्या आरोग्याचे काम सुरू केले. लवकरच दुष्काळ आला आणि गावोगावी पाण्यासाठी भूमीत भोके पाडावयाची वेळ आली. त्यांनी ती पाण्याची जागा दलितवस्तीत धरिली. मग सर्व गावाला घागर घेऊन तेथे जावे लागले. खेड्यातल्या निरक्षर बायांस त्यांनी आरोग्यसेविका केले, आणि निरनिराळ्या जातींच्या त्या बाया शिकावयास आल्या म्हणजे एकत्र जेवत व एकत्र निजत. अस्पृश्यतेवर व्याख्यान देण्यात एक दिवस गेला असता. घागर भरावयास जाताना गाव रोज शिकत गेला. १९७९ साली ह्या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याच जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांची कथा येथे कोणास ठाऊक नाही? औंढ्याच्या देवळापुढे ते कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांस मागल्या बाजूस घालविले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले, असे लोक सांगतात. देऊळ फिरले की नाही ह्याचा वाद आम्ही घालीत नाही. परंतु ज्या लोकांनी ही कथा शतकानुशतके जपली, त्यांस ईश्वराचे तोंड कोणीकडे असते हे कळले होते एवढे खास. नामदेवांची एकसष्ट पदे शीख बंधूंच्या ग्रंथसाहेबात आहेत, आणि शेजारच्या नांदेडच्या गुरुद्वारात आजही जो येईल तो एका ओळीत बसून लंगरात जेवतो. तेथे जाऊन आलेला आपला भाऊ विचारतो की, आमच्या मंडळीत असे का नाही, तेव्हा त्यास काय उत्तर द्यावे?

सेवेविषयी थोडेच लिहितो. यरुशलेमेत हेल्लेणी विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होऊ लागली, तेव्हा कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांस दटाविले नाही. त्यांनी सात जण निवडावयास सांगितले; आणि त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी हेल्लेणी नावे! ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती कोठीची किल्ली आली. आपल्या मंडळीत सुगीच्या सणाचे धान्य जमते, त्याचा हिशेब पंचांपाशी असतो. पण कर्जापायी जिचा धनी गेला अशी एखादी विधवा त्या कमिटीत आहे काय? तिला कोणत्या महिन्यात ज्वारी संपते हे तिच्यापेक्षा कोणास अधिक कळणार?

२०२४ साली २१ मार्चला सकाळी, आणि पुन्हा १० जुलैला, आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. १९९३ च्या किल्लारीची आठवण असलेली माणसे घराबाहेर धावली. त्या सकाळी ज्या म्हातारीस उठून धावता येत नव्हते, तिच्या दाराशी मंडळीतले कोण गेले, हे प्रत्येक गावाने आपल्यापाशी आठवून पाहावे. असे दार कोणते हे आधीच ठरलेले असले म्हणजे धरणी हलल्यावर विचार करावा लागत नाही. प्रत्येक धर्मशिक्षकाने आपल्या वहीत अशी घरे लिहून, प्रत्येकापुढे जवळच्या एका तरुणाचे नाव मांडावे.

तर येत्या प्रभुभोजनासाठी आमची सूचना अशी आहे. उपासनेची वेळ पंचांनी आपसांत ठरवू नये. टोळीत जाणाऱ्या दोन-तीन बायांस विचारून ठरवावी. जेथे काढणी चालू असेल तेथे दिवेलागणीनंतर जमावे, आणि उपदेश अर्ध्या तासाच्या आत आटपावा. आजाऱ्यांसाठी व उशीर झालेल्यांसाठी भाकर निराळी झाकून ठेवावी. आणि मेजापाशी जाण्यापूर्वी धर्मशिक्षकाने एकदा दारापर्यंत जाऊन, शेताकडच्या वाटेने अजून कोणी येत आहे की काय, हे पाहून यावे.