अठ्ठ्याण्णव टक्के, पण कुणाचे?

बायपासच्या आदल्या दिवशी नातेवाईक सर्जनला हमखास विचारतात, ‘साहेब, चान्स किती?’ उत्तरही बहुतेक ठरलेले: अठ्ठ्याण्णव टक्के. ऐकणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि संमतीपत्रावर सही होते.

आकडा खोटा नसतो. अमेरिकेतल्या हृदय-शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या नोंदी पाहिल्या, तर नुसत्या बायपासनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण साधारण दोन टक्के आहे. महाधमनीची झडप बदलण्याचेही जवळपास तेवढेच. झडप आणि बायपास एकाच वेळी केले, तर ते दुपटीच्या आसपास जाते. प्रश्न आकड्याच्या खरेपणाचा नाही. तो कोणत्या माणसांचा आणि किती दिवसांपर्यंतचा आहे, हा आहे.

दिवसांचे आधी पाहू. या हिशेबात मृत्यू म्हणजे घरी जाण्याआधी किंवा ३० दिवसांच्या आत आलेला मृत्यू. घरी गेलेला माणूस एकतिसाव्या दिवशी गेला, तर नोंदवहीत तो वाचलेलाच असतो. ‘ऑपरेशन यशस्वी, पण पेशंट दगावला’ हे आपण थट्टेने म्हणतो खरे!

मात्र महिन्याचा हिशेब उलट बाजूनेही फसवतो. पंपिंग फारच कमी झालेल्या, म्हणजे ३५ टक्के किंवा त्याखाली गेलेल्या रुग्णांवर ‘स्टिच’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. काहींना औषधांसोबत बायपास, काहींना नुसती औषधे. पहिल्या महिन्यात बायपासवाल्यांचे मृत्यू जास्त होते. तिथेच वही मिटली असती, तर बायपास नकोच असा निकाल लागला असता. दहा वर्षांनी पाहिले, तेव्हा नुसत्या औषधांवरचे सुमारे ६६ टक्के गेले होते, बायपासवाले सुमारे ५९ टक्के. शस्त्रक्रियेने आयुष्य दिले, पण दोन्हीकडे निम्म्याहून अधिक माणसे उरली नव्हती. अशा रुग्णाच्या घरच्यांना अठ्ठ्याण्णवचा आकडा ऐकवणे म्हणजे दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट वाचून दाखवणे.

म्हणूनच वय, मधुमेह, मूत्रपिंडाचे काम, पंपिंग, ऑपरेशन तातडीचे की ठरवून केलेले, हे सगळे धरून जोखीम काढावी लागते. युरोपात त्यासाठी ‘युरोस्कोर’ नावाची पद्धत १९९९पासून वापरात आहे. तो गुणांक काढायला संगणकावर काही मिनिटे लागतात.

न्यूयॉर्क राज्याने याच्याही पुढे पाऊल टाकले. १९८९पासून बायपासच्या नोंदी गोळा केल्या, इस्पितळांचे निकाल छापले. पुढे एक वृत्तपत्र कोर्टात गेले आणि सर्जनांचे नावानिशी निकालही बाहेर आले. १९८९ ते १९९२ या काळात जोखमीचा हिशेब धरूनही मृत्यूचे प्रमाण ४.१७ टक्क्यांवरून २.४५वर उतरले. लगेच आक्षेप आला, की आपला आकडा बिघडू नये म्हणून सर्जन अवघड रुग्ण टाळू लागले. क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी सांगितले, की न्यूयॉर्कहून आमच्याकडे जास्त गंभीर रुग्ण येऊ लागलेत. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पण भीती अनाठायी नाही. १९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्र. कु. सेन यांनी हृदयरोपण केले, तो रुग्ण काही तासांतच गेला. टक्केवारीला घाबरणारा माणूस त्या वाटेला गेलाच नसता. भारतात यशस्वी हृदयरोपण व्हायला १९९४ उजाडले.

तरीही माझे मत उघड्या आकड्यांच्या बाजूने पडते, ते ब्रिस्टलमुळे. इंग्लंडमधल्या त्या शहराच्या इस्पितळात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांमध्ये मृत्यू जास्त होत होते. स्टीफन बोल्सिन नावाच्या भूलतज्ज्ञाने आकडे जमवले, वरिष्ठांना सांगितले. ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते. शेवटी त्यांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. २००१च्या चौकशी अहवालाचा निष्कर्ष असा, की १९९१ ते १९९५ या काळात वर्षाच्या आतली ३० ते ३५ बाळे अपेक्षेपेक्षा जास्त गेली. आकडे इस्पितळाच्या आतच होते. ते आई-बापांपर्यंत पोचले नाहीत, एवढेच. न्यूयॉर्कचा दोष जोखीम नीट मोजून कमी करता येतो. ब्रिस्टलच्या दोषावर लपवाछपवी थांबवण्याखेरीज इलाज नाही.

आपल्याकडे इस्पितळाने दरपत्रक लावावे असा नियम आहे, निकालपत्रकाची मात्र सक्ती नाही. बायपासचा खर्च किती हे भिंतीवर वाचता येते, त्या भिंतीआड गेल्या वर्षी किती बायपास झाले आणि किती माणसे घरी गेली, हे नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून सरकार हृदयशस्त्रक्रियांचे पैसे भरते. पैसे देणाऱ्याने निकाल मागायला हरकत नसावी, आणि मिळालेले निकाल जोखमीच्या हिशेबासह लोकांपुढे ठेवायलाही.

ते होईपर्यंत सही करण्याआधी सर्जनला एवढे जरूर विचारा: हा आकडा सगळ्यांचा की आमच्या माणसासारख्यांचा? तुमच्या इस्पितळातला की पुस्तकातला? आणि महिन्यानंतरचे, पाच वर्षांनंतरचे काय? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.