काळजीच्या वेळी नाम कानाने ऐकावे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण मंदिरात जमतो, भजन करतो, पाळणा म्हणतो. तिथे मन स्वस्थ असते. खरा प्रश्न असतो तो रात्री अडीच-तीन वाजताचा. उतारवयात झोप मोडते आणि काळज्या उशाशी येऊन बसतात. परदेशातल्या मुलाचा फोन आला नाही, उद्या रिपोर्ट मिळायचा आहे, दोघांपैकी एकच मागे राहिले तर कसे व्हायचे? जीव घाबरा होतो. अशा वेळी “काळजी करू नका” म्हणून भागत नाही. मनाशी वाद घालावा तर मनच जिंकते.

नाम घ्यावे हे आपण सगळेच जाणतो. पण कसे घ्यावे?

जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वाचिक म्हणजे ऐकू येणारा, उपांशु म्हणजे नुसते ओठ हलणारा, आणि तिसरा मानस. मानस जप श्रेष्ठ खरा, पण तो स्थिर मनाला साधतो. घाबरलेल्या मनाने केला तर दोन मण्यांमध्ये चार चिंता शिरतात. बँकेत गर्दीच्या वेळी कॅशियर नोटा मोजताना आकडे पुटपुटतो, ते उगाच नाही. जीभ आणि कान कामाला लागले की मनाला भटकायला वाव राहत नाही. म्हणून काळजीच्या वेळी वाचिक जपच बरा.

प. पू. टेंबे स्वामी महाराजांचा (१८५४–१९१४) अठरा अक्षरी मंत्र आपल्या घराघरांत आहे. त्यात एकच नाम तीनदा येते. त्या नामाच्या मध्ये अनुस्वाराचे गुंजन आहे आणि शेवटी दीर्घ आकार. सावकाश म्हणून पाहा, श्वास आपोआप लांब सुटतो. श्वास लांबला की धडधड उतरते. इटलीतील डॉ. बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर प्रयोग केला, तो २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. ख्रिस्ती जपमाळ असो वा बौद्ध मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. आपल्या पूर्वजांनी हे यंत्राविना अनुभवले होते.

तेव्हा जाग आली की उठून बसावे. घोटभर पाणी प्यावे. शेजारच्याची झोप मोडणार नाही इतक्या हळू, पण आपल्या कानाला ऐकू येईल असे नाम घ्यावे. संख्येचा हट्ट नको, घाई तर नकोच. चिंता मध्ये आली तर येऊ द्यावी, तिला उत्तर देऊ नये. पुन्हा कान नामाकडे लावावा.

दोन गोष्टी मात्र सांगतो. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर आधी घरच्यांना उठवावे, डॉक्टरांकडे जावे. वैद्य आणि औषध हीसुद्धा महाराजांचीच योजना. आणि आपले नाम कर्ण्यावरून दुसऱ्याच्या आजाऱ्याला त्रास देणारे नसावे.

नाम घेतल्याने उद्याचा रिपोर्ट बदलेल असे मी म्हणणार नाही. पण तो हातात घेताना हात कमी थरथरेल आणि “महाराज बरोबर आहेत” एवढा धीर येईल. म्हातारपणी याहून मोठी शिल्लक ती कोणती?

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!