चर सगळ्यांनी खोदले, पाणी कोणाचं?

वावर कोणाचं हे सातबारा सांगतो. इहिरीची नोंदही त्यावर सापडते. पण त्या इहिरीत जे पाणी उतरलं ते कोणाच्या मेहनतीचं, हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं. आमच्या मोताळा तालुक्यात हा प्रश्न पूर्वी फारसा कोणी काढत नसे. २०१८च्या उन्हाळ्यानंतर मात्र तो टाळता येत नाही.

आधी पावसाचं सांगतो. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की आमचा घाटाखालचा मुलूख लागतो. लहानपणी इथे झड लागायची. चार-चार दिवस सूर्य दिसायचा नाही, चुलीतलं जळतन पेटायचं नाही, माणसं वैतागून जायची. पण तो पाऊस हळूहळू जमिनीत मुरायचा. आता तेवढाच पाऊस दोन तासांत कोसळतो आणि मातीसकट नाल्यानं निघून जातो. मग पंधरा-वीस दिवस उघाड, पऱ्हाटी माना टाकते. शिकलेले लोक याला हवामानबदल म्हणतात. आमच्याकडची म्हातारी म्हणतात, "पावसाचं मनच बदललं."

असा पाऊस धरायचा तर तो पडेल तिथेच अडवावा लागतो. एका हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होतं. आमच्याखाली काळा पाषाण. वरच्या झिजलेल्या मुरमात मुरेल तेवढंच पाणी आपलं. म्हणून २०१८ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा आली तेव्हा गावंच्या गावं टिकास-फावडी घेऊन निघाली. ८ एप्रिल ते २२ मे, पंचेचाळीस दिवस, तेही ऐन उन्हाळ्याचे. भारतीय जैन संघटनेच्या पुढाकारानं जेसीबी-पोकलेनही जिल्ह्यात आले. आमच्या तालुक्यातल्या सिंदखेडनं साताऱ्याच्या भांडवलीसोबत राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला. तालुक्याची छाती फुगली, आणि फुगायलाच पाहिजे होती.

पण त्या दिवसांत टोपलं डोक्यावर घेतलेल्या एका मजूर बाईनं सहज विचारलं होतं, "दादा, माह्या नावावर तं वावर नाई. हे पानी कोनाच्या इहिरीत जाईन?" ती रागात नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उत्तर सोपं आहे आणि अवघडही. पाणी उताराकडे जातं. माथ्यावरचा चर भूमिहीनानं खोदला, तरी फायदा पायथ्याच्या, नाल्याकाठच्या इहिरीला होतो. ज्याची मोटर मोठी, तो जास्त उपसतो. घाम सगळ्यांचा सारखा गळतो, पाणी मात्र सातबाऱ्याप्रमाणे वाटलं जातं.

इहीरवाल्याचंही ऐकलं पाहिजे. तो म्हणतो, "इहीर खोदाले कर्ज मी काढलं. मोटर माही, बिल माहं. मंग पानी गावाचं कसं?" त्याचं म्हणणं खोटं नाही. १८८२चा जुना सुविधाधिकार कायदाही जमीनमालकाला त्याच्या जमिनीखालचं पाणी उपसू देतो. तो आणखी म्हणतो, माझं वावर पिकलं तर मजुराला निंदणी-वेचणीचं काम मिळतंच. तेही खरं. पण मजुरी मालकाच्या मर्जीनं मिळते. हक्कासाठी कोणाच्या मर्जीकडे बघावं लागत नाही. आणि इहिरीचं बांधकाम त्याचं असलं, तरी तिच्यात मुरलेला पाऊस त्यानं एकट्यानं अडवलेला नाही. कर्ज फेडलं म्हणून शेजाऱ्याचा घाम आपल्या मालकीचा होत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात एकानं धडधडीत उत्तर दिलं होतं. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापानं दिलं नाही, माणसांच्या मोजणीनं दिलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला बंदी. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पडलेला पाऊस मोजून मग पिकं ठरवायची पद्धत पाडली आणि शेतीसाठी बोअर घेणं थांबवलं. गावानं ठरवलं, म्हणून हे झालं.

आता वैनगंगेचं पाणी चारशेहून जास्त किलोमीटर आणून नळगंगेत सोडायची योजना आहे. आपल्या नळगंगा धरणाचं नाव त्या कालव्याला लागलंय. पाणी यावं, जरूर यावं. पण घरच्या पावसाची वाटणी ज्या गावाला जमली नाही, त्याला गोसीखुर्दचं पाणी वाटता येईल का? कालवा मोठा झाला म्हणून पाण्यावरचा जुना अन्याय धुऊन निघत नाही. गावच्या पाणवठ्यावर कोणी आधी भरायचं आणि कोणी दूर थांबायचं, हे आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

माझ्या मते श्रमदानाला निघण्याआधीच ग्रामसभेत तीन गोष्टी ठरायला हव्यात. पिण्याचं आणि गुराढोरांचं पाणी सगळ्यांत आधी. नवीन बोअर गावाला विचारल्याशिवाय नाही. आणि ज्यांना वावर नाही पण ज्यांनी चर खोदले, त्यांना गायरानावरच्या चाऱ्यात, तळ्यातल्या मासळीत, जमलं तर थोड्या भाजीपाल्याच्या पाण्यात वाटा. ठराव लिहून, सह्या घेऊन. कारण उन्हाळ्यात तोंडी दिलेला शब्द पहिल्या पावसात वाहून जातो.

चर खोदून पाणी अडतं, ते आपण दाखवून दिलं. अडलेलं पाणी वाटायचं काम अजून बाकी आहे, आणि त्यासाठी कोणी कप देणार नाही.