बाळ-बाळंतीण सुखरूप

बाळंतपणाची बातमी आपल्याकडे तीन शब्दांत आटोपते: बाळ-बाळंतीण सुखरूप. दोन वर्षांपूर्वी वाशीतल्या आमच्या घरातून मीही ती पस्तीस-चाळीस ठिकाणी कळवली. ती निम्मी खोटी होती, हे मला दीड महिन्याने समजले.

सुनेच्या आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले, म्हणून पहिलेच बाळंतपण असूनही ते माझ्याकडे आले. मी कंबर कसली. बाजार समितीच्या मसाला बाजारातून डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा आणल्या. तेल लावायला बाई ठेवली. शेक, धुरी, लाडू, कशात उणे पडू दिले नाही. मुलगा आठव्या दिवशी कामावर गेला. "आई आहे ना बघायला," म्हणाला. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला.

सून मुकाट्याने खाई, मुकाट्याने न्हाऊन घेई. रात्री बाळ निजले तरी ती जागीच असे. खाडीपुलावरून शेवटची लोकल गेली तरी तिच्या खोलीत दिवा दिसे. मी म्हणे, "अगं, झोप बघू. दूध यायला हवे ना?" एकदा लाडू तसाच वाटीत पाहून मी चिडून बोलले, "एवढे करतेय मी, ते कुणासाठी?"

ती शांतपणे म्हणाली, "बाळासाठी, आई."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो शब्द मनातून जाईना. लाडू दुधासाठी, झोप दुधासाठी, तिने आनंदी राहायचे तेही दुधासाठीच! गाईला आंबोण घालणारा माणूस दुष्ट नसतो. पण तो गाईला काय हवे, असेही विचारीत नाही.

दीड महिन्याची लस द्यायला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासून झाल्यावर सहज तिच्याकडे पाहिले. "आणि तू कशी आहेस?" सून ढसढसा रडू लागली. मग त्यांनी तिला दहा प्रश्न विचारले. १९८७ पासून जगभर वापरात असलेली, एडिंबरोच्या नावाची ही यादी. दुखणे ओळखले गेले; औषध आणि समुपदेशन यांनी काही महिन्यांत तिला उतार पडला.

आमच्या लहानपणी अशा बाईला 'बाळंतवात झाला' म्हणत, नाहीतर बाहेरची बाधा. पण ही काही थोडक्यांची गोष्ट नव्हे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातल्या २७० गरोदर स्त्रियांची माहिती घेतली; तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ जणींना नैराश्याचा विकार आढळला. गरिबी, नवऱ्याशी न पटणे आणि मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. आमच्याकडे मुलगीच झाली होती. मी मोठ्या मनाने म्हटले होते, "पहिली बेटी, धनाची पेटी." दुःख झालेलेच नसेल, तर ही समजूत घालायची कुणाची?

कोणी म्हणेल, हा शरीराचा आजार. त्यात सासूचा काय दोष? आजार मी निर्माण केला नाही, हे खरे. परंतु त्या घरात 'मला बरे वाटत नाही' म्हणायला जागा ठेवली नाही ती मीच. इतके सगळे मिळत असताना तक्रार करणारी कृतघ्न ठरली असती. आणि माझ्या कर्तबगारीने माझ्या मुलालाही त्याच्या वाटणीच्या रात्रींतून मोकळे केले. कर्तव्यात कसूर न करताही माणसाचा अपराध होऊ शकतो का? मी पूर्वी 'नाही' म्हटले असते. माझ्या सासूबाईंनीही माझे सारे यथासांग केले होते, आणि मी कशी आहे हे मलाही कुणी विचारले नव्हते. तो मला आधार वाटे. आता वाटत नाही.

नात आता सागर विहारच्या बागेत पळते. परवा फराळ करताना सून म्हणाली, "आई, तुम्ही तेव्हा खूप केलेत माझ्यासाठी." हा 'माझ्यासाठी' तिने मनापासून म्हटला की रीत म्हणून, हे मी अजून विचारलेले नाही.