काम सोपविणें म्हणजे काय?

दुसऱ्यास काम सोपविणें पुष्कळांस सोपें वाटतें. परंतु तें आपण खरोखर सोपविलें आहे कीं नाहीं, हें ओळखणें कठीण आहे. याविषयीं माझाच एक दोष सांगतों.

आमच्या गांवच्या पतपेढीचे हिशेब कित्येक वर्षें माझ्याकडे होते. पुढें एका तरुणास मीं रोजकीर्द लिहावयास दिली. तो बेरजेंत चुके. तो घरीं गेल्यावर मी वही काढून त्याच्या चुका निमूटपणें सुधारीत असें. त्याचें मन दुखवूं नये, हा माझा हेतु. आणि यास मी सौजन्य म्हणत असें. मग दुखण्यानें मी महिनाभर अंथरुणास खिळलों. परत येऊन पाहतों, तों शिल्लक जुळेना, आणि तो बिचारा वहीपुढें रडकुंडीस आलेला. तेव्हां मला कळून आलें कीं, मीं वही राखिली, पण माणूस घडूं दिला नाहीं.

कोणी म्हणेल, "पैसा गरिबांचा, शिकाऊ माणसाच्या हातून त्याचें नुकसान होऊं द्यावें काय?" मुळींच नाहीं. हिशेब तपासणें हें वडील माणसाचें कर्तव्यच आहे. परंतु तपासणें निराळें, आणि पाठीमागें स्वतः करून टाकणें निराळें. "शिल्लक दोन रुपयांनीं कमी आहे, कोठें चुकलें तें शोध," असें सांगून स्वस्थ बसण्यास धीर लागतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, आणि स्वयंपाकादि कामें आपल्या हातांनींच करीत. अशा मुलांची भाकरी कधीं करपणारच. पण ती करपली म्हणून आचारी आणिला, तर मुलांस भाकरी मिळेल, स्वावलंबन मिळणार नाहीं.

म्हणून, वाचकहो, काम द्यावें तें अधिकारासह द्यावें. अधिकारावांचून काम म्हणजे हमाली होय. आधीं शिकवावें, न शिकवितां सोपविणें म्हणजे आपलें अंग काढून घेणें होय. आणि चूक झाली, तर लोकांपुढें तिचा भार आपण उचलावा, व ती सुधारण्याचें काम मात्र ज्याचें त्याजकडेच ठेवावें.

त्या तरुणाजवळ मी तीन दिवस हात बांधून बसलों. तिसऱ्या दिवशीं चूक त्यानेंच शोधून काढिली. आतां माझ्या बेरजेंतील चुका तो मला दाखवितो.