न विचारता घेतलेलं

आमच्याकडं तंबाखूचा तरवा उपटून दुसऱ्या शेतात लावतात. पेशी सांभाळायचं काम मला तसलंच वाटायचं. अमेरिकेतल्या एका मेडिकल स्कूलमध्ये रेणू आणि पेशींच्या शास्त्रात पीएच.डी. करत होते. पहिल्या वर्षी तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे महिने राबायचं, मग मार्गदर्शक निवडायचा. शास्त्र पुढं, आधी पेशी जगवायला शिकायचं. गुलाबी द्रव, ३७ अंश उष्णता, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन-तीन दिवसांनी दाटी झाली की सोडवून थोड्या नव्या बाटलीत लावायच्या. साधारण दिवसभरात दुप्पट होणारं हे पीक.

या पेशींचं नाव हेला. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या नावातली अक्षरं. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर तिचे उपचार चालू असताना गाठीचा तुकडा काढून घेतला. तिला विचारलं नाही. त्या काळी विचारायची रीतच नव्हती. त्याच वर्षी, ३१ व्या वर्षी ती गेली. मागं पाच मुलं. पेशी मात्र मेल्या नाहीत. पोलिओची लस तपासायला त्या वापरल्या, पुढं जगभर गेल्या, विकल्या गेल्या. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नव्हता.

ती व्हर्जिनियातल्या क्लोव्हर गावात तंबाखूच्या शेतात वाढली होती, हे वाचलं आणि मी थबकले. आमचं गाव निपाणीजवळ. आईची हयात तंबाखूच्या वखारीत गेली.

नीतिमत्तेच्या तासाला यावर वाद व्हायचा. लाखो माणसं वाचली, मग एका तुकड्याचं काय एवढं? आणि विचारलं असतं तर तिनं दिलंच असतं की. मला हा दुसरा मुद्दा जास्त खटकायचा. फोनवर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “न्हाई म्हणली नसती बिचारी. मग इचाराय काय झालं हुतं?”

गावात शेजारच्या परड्यातला कढीपत्ता तोडताना बाई हाक देते, ‘काकी, कढीपत्ता नेते गं.’ उत्तराची वाट बघत नाही. पण त्या हाकेनं काकी देणारी होते. हाक नसली की काकी नुसती झाडाची मालकीण, आणि तिचं झाड म्हणजे रानातलं झुडूप. फायदा किती झाला, हा हिशोब वेगळा. देणाऱ्याच्या हातून देणं काढून घेतलं, ते त्यातून भरून निघत नाही. पुढं २०१३ मध्ये तिच्या पेशींची जनुकीय माहिती कुणाला द्यायची यात घरच्यांना बसायला जागा मिळाली, २०२३ मध्ये एका कंपनीशी तडजोडही झाली. बरं झालं. पण हे सगळं मुलानातवंडांशी, तिच्याशी नाही.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. मार्गदर्शक, सहकारी, आई, सगळ्यांची नावं झाली. हेन्रिएटाचं लिहिताना अडले. ‘तिनं दिलेल्या पेशी’ लिहावं तर ते खोटं, आणि आभार मानायचे ते देणाऱ्याचे. दोन दिवस ओळ तशीच अर्धी ठेवली. शेवटी ‘तिच्याकडून घेतलेल्या’ असं लिहिलं. परीक्षकांपैकी कुणीच त्याबद्दल काही विचारलं नाही.