सहा पुस्तके आणि एक सायकल

गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेत एक चांगला विषय निघाला. मे महिन्याच्या सुट्टीत गावच्या वाचनालयाच्या मदतीने आपल्या मुलांसाठी वाचन योजना सुरू करावी, असे युवकांनी सुचवले. सर्वांनी माना डोलावल्या. मग एका दानशूर गृहस्थांनी उभे राहून जाहीर केले, "फादर, जो मुलगा किंवा मुलगी सर्वांत जास्त पुस्तके वाचेल, त्याला माझ्याकडून सायकल!" टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, हे एक-दोघांच्या लक्षात आले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर एका मावशींनी मला गाठलेच. "फादर, सायकल दिली तर बिघडलं कुठं? पोरं वाचतील तरी!"

मावशींना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

२०१९ साली मी इंग्लंडमधील एका धर्मग्रामात काही आठवडे बदली धर्मगुरू म्हणून होतो. तिकडे शाळांना उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि साधारण सहा आठवडे चालते. चर्चपासून हाकेच्या अंतरावर सार्वजनिक वाचनालय होते. मी तिथे वर्तमानपत्रे वाचायला जात असे, पण बघत बसे मुलांकडे. 'समर रीडिंग चॅलेंज' नावाची योजना तिथे चालली होती. १९९९ पासून ब्रिटनमधील सार्वजनिक वाचनालये ती दर उन्हाळ्यात राबवतात. 'द रीडिंग एजन्सी' ही संस्था वाचनालयांच्या साथीने तिचे संयोजन करते. ४ ते ११ वर्षांच्या मुलांनी वाचनालयात येऊन नाव नोंदवायचे आणि सुट्टीत सहा पुस्तके वाचायची. पैसे पडत नाहीत. कोणती पुस्तके वाचायची ते मुलाने ठरवायचे. विनोदी चालते, चित्रांचे चालते, माहितीचेही चालते. पुस्तक वाचून परत आणले की स्टिकर मिळतो आणि शेवटी प्रशस्तिपत्रक व मेडल. दरवर्षी एक नवा विषय असतो. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवल्याला त्या वर्षी ५० वर्षे झाली होती, म्हणून विषय अंतराळाचा होता.

तिथे मी पाहिलेली दोन मुले अजून डोळ्यांसमोर आहेत. आपल्याच देशातून तिकडे स्थायिक झालेल्या एका कुटुंबातील आठ-नऊ वर्षांची मुलगी पहिल्या आठवड्यातच सहा बारीक पुस्तके संपवून मेडलचा हक्क सांगायला आली. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी प्रेमाने विचारले, "ह्यातलं तुला काय आवडलं?" मुलीने पुस्तक उलटे करून मागच्या पानावरील मजकूर वाचून दाखवला. मी तिथून निघेपर्यंत ती पुन्हा वाचनालयात दिसली नाही. तिची आई मला म्हणाली, पूर्वी ही रात्री पांघरुणात लपून वाचायची.

दुसरा एक मुलगा तिच्याच वयाचा. पुस्तक म्हटले की तोंड वाकडे करणारा. तो निव्वळ स्टिकरसाठी येत होता आणि तसे सगळ्यांना सांगतही होता. चौथ्या पुस्तकाच्या वेळी तो तिथेच कपाटाला टेकून जमिनीवर बसला. आई दारातून हाका मारत होती, त्याला ऐकूच येईना. शेवटी तिने हाताला धरून उठवले, तेव्हा स्टिकर न घेताच तो पुस्तक छातीशी धरून निघाला.

दोन मुलांवरून सिद्धांत मांडू नये, हे मला कळते. पण योजना एक, मेडल एक, आणि परिणाम असे उलटे का व्हावेत?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत असे, अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढाल तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी तेच प्रशस्तिपत्रक अचानक दिले. उरलेल्यांना काही दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगपेट्या पुन्हा मांडल्या, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे दोष प्रशस्तिपत्रकाच्या कागदात नव्हता, आधी ठरलेल्या सौद्यात होता. मुलाने मनात हिशेब केला असणार: ज्या कामाचे मोल द्यावे लागते, ते काम मुळात कंटाळवाणेच असले पाहिजे.

इथवर वाचून मावशी म्हणतील, "म्हणजे फादर बक्षिसाच्या विरुद्धच आहेत." तसे म्हणायला मला तोंड नाही. मी लहान असताना मे महिन्यात आमच्या आळीतील क्रुसाजवळ संध्याकाळी प्रार्थना होई आणि शेवटी उकडलेले चणे वाटत. मी चण्यांसाठी जात होतो. प्रार्थना लांबवणाऱ्या आजींचा मला भयंकर राग येई. पुढे केव्हातरी चणे संपले तरी मी तिथे रेंगाळू लागलो. नेमके केव्हा, ते आजही सांगता येत नाही. आपली ख्रिस्तसभा ह्या बाबतीत माझ्यापेक्षा समजूतदार आहे. देवावरील प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप पूर्ण, आणि नरकाच्या भीतीने झालेला अपूर्ण, असे ती शिकवते. पण पापनिवेदनाला येणाऱ्याला ती अपूर्ण पश्चात्तापासाठी माघारी धाडत नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला अ‍ॅलिस्डेअर मॅकिन्टायर वाचावे लागले. २०२५ मध्ये वारलेले हे विचारवंत उतारवयाकडे झुकताना कॅथलिक झाले होते. १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू' ह्या ग्रंथात त्यांनी सात वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण घेतले आहे. त्याला बुद्धिबळ शिकण्याची इच्छा नाही, गोळ्या-चॉकलेट हवे आहे. त्याला सांगितले जाते, आठवड्यातून एकदा खेळलास तर ५० सेंटचा खाऊ, आणि जिंकलास तर आणखी तेवढाच. मुलगा खेळतो. जोवर त्याचे लक्ष खाऊवर आहे, तोवर संधी मिळेल तिथे लबाडी करणेच त्याच्या फायद्याचे आहे. पण एक दिवस त्याला डावपेचांचीच गोडी लागेल, अशी आशा धरायला जागा आहे. त्यानंतर त्याने लबाडी केली तर तो समोरच्याला नव्हे, स्वतःलाच हरवील. खाऊ कोणत्याही मार्गाने मिळू शकतो. डावातला आनंद फक्त डाव खेळूनच मिळतो.

पुस्तकाची पाठ वाचून दाखवणाऱ्या मुलीला मी लबाड म्हणणार नाही. आम्ही मोठ्यांनी मांडलेल्या हिशेबात ती हुशारीने वागली. आणि त्या मुलाला स्टिकरनेच दारापर्यंत आणले, हेही मान्य केले पाहिजे. दोघांसाठी वेगवेगळे नियम वाचनालय करू शकत नाही. मग निवाडा कसा करायचा? मला वाटते, बक्षीस द्यावे की देऊ नये हा प्रश्नच अपुरा आहे. बक्षीस मुलाला कुठे नेऊन सोडते, हे पाहायला हवे. पुस्तकाकडे, की पुस्तकापासून दूर?

ब्रिटनच्या त्या योजनेतील एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. तिथे पहिला नंबर नव्हता. सहा पुस्तके वाचणाऱ्या प्रत्येकाला सारखेच मेडल. एकाचे यश दुसऱ्याचे काही हिरावून घेत नव्हते. ह्याच्या उलट प्रकार २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका छोट्या गावात घडला आणि वर्तमानपत्रांतून गाजला. तिथल्या वाचनालयात सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्याला बक्षीस असे. नऊ वर्षांच्या एका मुलाने एका उन्हाळ्यात ६३ पुस्तके वाचली आणि लागोपाठ पाचव्या वर्षी पहिला आला. इतर मुलांना संधी मिळत नाही, त्याने आता बाजूला व्हावे, असे वाचनालयाच्या प्रमुखांनाच वाटू लागले! बंधु-भगिनींनो, वाचनालयाला आपला सर्वांत मोठा वाचक अडचणीचा वाटावा, हे कशामुळे झाले? त्या बाई दुष्ट होत्या असे मला वाटत नाही. इतर मुलांविषयीची त्यांची काळजी खरीच असावी. पण वाचनाची शर्यत केली की कोणीतरी जोरात धावणारा निघणारच, आणि बाकीचे त्याच्याकडे रागाने पाहणारच.

फ्लोरिडामध्ये ह्याहून साधा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गरीब वस्तीतील शाळांमधल्या शेकडो मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे, दर उन्हाळ्यात १२ पुस्तके दिली गेली. मुलांनी स्वतः निवडलेली, कायमची स्वतःची. ही मुले वाचनाच्या परीक्षेत, पुस्तके न मिळालेल्या मुलांच्या पुढे गेली. गरिबाच्या घरी सुट्टीत पुस्तक नसते, हे एवढे उघड कारण आपण विसरतो आणि मुलाच्या आळसाला बोल लावतो.

तेव्हा कौन्सिलपुढे मी असे मांडणार आहे. सुट्टीत जो येईल त्याला पुस्तक मिळावे. कोणी किती वाचली ह्याचा फळा चर्चच्या व्हरांड्यात लागू नये. पुस्तक परत आणणाऱ्या मुलाशी आपल्यापैकी कोणीतरी पाच मिनिटे बोलावे; परीक्षा घेऊ नये, गोष्ट ऐकावी. निवृत्त शिक्षकांनी आणि आजी-आजोबांनी ह्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी. आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मुलाला त्याने स्वतः निवडलेले एक पुस्तक भेट द्यावे, आधी जाहीर न करता. (आता ते गुपित राहिले नाही, पण मुले हे पत्रक वाचत नाहीत, असा माझा अनुभव आहे.) मराठी पुस्तकाला दुप्पट गुण द्यावेत, अशीही एक सूचना आली होती. तिच्यामागची कळकळ मला समजते, पण गुणच नसतील तर दुप्पट कशाचे करणार?

राहिली सायकल. ती विकत घेऊन झाली आहे आणि ते गृहस्थ माझ्यावर थोडे नाराज आहेत. पलीकडच्या पाड्यावरील मुलांना वाचनालय लांब पडते. युवकांपैकी कोणी दर शनिवारी पुस्तकांची पिशवी घेऊन तिकडे जावे आणि त्यासाठी ही सायकल वाचनालयाला द्यावी, असे मी त्यांना सुचवले आहे. विचार करून सांगतो, म्हणाले.